ठाण्याहून मांडवीवर: शंभर-दोनशेच्या पोकर टेबलाचे परीक्षण

पणजीच्या मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका मोठ्या कॅसिनो जहाजावरील पोकर कक्षाचे हे परीक्षण आहे. ते ठाणे, कळवा, वाशी, नेरूळ या पट्ट्यातील अशा वाचकांसाठी लिहिले आहे, ज्यांनी पोकर आजवर फोनवर किंवा मित्रांच्या घरी खेळले आहे आणि ज्यांना आता खऱ्या टेबलावर, खऱ्या डीलरसमोर बसून पाहायचे आहे. पत्ते वाटण्याची शिस्त आणि नियमांची अंमलबजावणी यांबाबत या कक्षाला मी पूर्ण गुण देतो. मात्र तेथे ‘सर्वांत लहान’ म्हणून मिळणारे टेबल पगारदार माणसाच्या दृष्टीने मुळीच लहान नाही आणि त्यावर बसण्याची किंमत फलकावर नीट लिहिलेली नसते, हे मला आवडले नाही. जहाजाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण दर आणि नियम वरचेवर बदलतात. काय पाहावे आणि काय विचारावे, हे कळणे वाचकाला अधिक उपयोगाचे आहे.

हा खेळ आपल्याकडे का नाही, हे थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. 1976 मध्ये कॅसिनोंसाठी वेगळा कायदा संमत झाला होता, पण तो कधीच अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्दच करण्यात आला. गोव्याने मात्र 1990 च्या दशकात आपल्या जुगारविषयक कायद्यात दुरुस्त्या करून जहाजांवरील कॅसिनोंना वाट करून दिली. त्यातच ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, आणि रोज रात्री फोनवर लहान रकमेचे पोकर खेळणाऱ्या अनेकांचा तो मार्ग बंद झाला. टेबलावर भेटलेल्यांपैकी बरेच जण असेच फोनवरून आलेले होते आणि ते त्यांच्या चिप्स हाताळण्यावरून लगेच ओळखू येत होते.

ठाण्याहून जाणे सोपे आहे. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी थिवी किंवा करमळीला उतरावे, दिवसा विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळी पणजीच्या धक्क्यावरून लहान बोटीने जहाजावर जावे. वय 21 पूर्ण असल्याचे ओळखपत्र आणि पॅन कार्ड जवळ ठेवावे. हाफ पँट आणि चप्पल घालून गेल्यास परत पाठवतात. शनिवार-रविवारचे प्रवेशशुल्क आठवड्याच्या इतर दिवसांपेक्षा बरेच जास्त असते, आणि टेबलासाठीची प्रतीक्षायादीही लांबते. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार निवडावा.

आम्ही बसलो ते टेबल नो-लिमिट होल्डेमचे होते, म्हणजे प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, टेबलावर सर्वांसाठी पाच उघडे पत्ते, आणि रक्कम लावण्यावर मर्यादा नाही. लहान ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी दोन खेळाडूंनी सक्तीने लावायच्या रकमांपैकी लहान) 100 रुपये, मोठा ब्लाइंड 200 रुपये, आणि बसण्यासाठी किमान 10,000 रुपयांच्या चिप्स घेणे बंधनकारक. व्यवस्थित खेळायचे तर शंभर मोठे ब्लाइंड, म्हणजे 20,000 रुपये समोर असावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो योग्यही आहे, कारण कमी चिप्स घेऊन बसणाऱ्याला पहिल्याच मोठ्या डावात सर्वस्व लावावे लागते आणि पुढच्या पत्त्यांवर विचार करण्याची संधीच उरत नाही. ठाण्यात घराचे महिन्याचे भाडे किती जाते, याचा विचार केला तर ‘लो स्टेक्स’ (लहान रकमांचे टेबल) हे वर्णन कोणाच्या मापाने केलेले आहे, असा प्रश्न पडतो. शेजारच्या टेबलांवर चार आणि पाच पत्त्यांचा ओमाहा (पोकरचाच दुसरा प्रकार) याहून कितीतरी मोठ्या रकमांवर चालू होता. नवख्याने तिकडे केवळ पाहायला जावे.

या कक्षाचे खरे वैभव म्हणजे तेथील डीलर. पत्ते पिसणे, कापणे, टेबलावर पत्ते उघडण्याच्या प्रत्येक फेरीपूर्वी वरचा एक पत्ता न दाखवता बाजूला टाकणे, कोणाच्या चिप्स संपल्यावर इतरांनी लावलेल्या जादा रकमेचे बाजूचे पॉट (पॉट म्हणजे डावात जमलेली रक्कम) वेगळे करणे ही सगळी कामे इतक्या सफाईने होत होती की चार खेळाडू वेगवेगळ्या रकमांवर ऑल-इन झालेल्या (सगळ्या चिप्स लावलेल्या) डावातही हिशेबाबद्दल कोणालाच शंका घ्यावी लागली नाही. सावंतवाडीकडच्या एका डीलर ताईंनी तर अशा तीन बाजूच्या पॉटची विभागणी मोठ्याने, एकेक रक्कम सांगत करून दाखवली, आणि तक्रार करण्याच्या तयारीत असलेले बेळगावचे एक गृहस्थ समाधानाने मागे टेकले. तोंडाने बोललेले बंधनकारक, हा नियम तेथे खरोखर पाळला जातो. ‘कॉल’ (समोरच्याइतकीच रक्कम लावतो) म्हटल्यावर रेझ करता, म्हणजे रक्कम वाढवता, येत नाही. चिप्स दोन हप्त्यांत पुढे सरकवल्या तर पहिलाच हप्ता धरला जातो. शेवटी पत्ते उघडे टाकले की खेळाडू काय समजतो याला महत्त्व नसते, पत्ते जे दाखवतील तेच खरे मानले जाते.

मी आणि माझे मेहुणे एकाच टेबलावर बसलो होतो. डाव चालू असताना आम्ही मराठीत सहज दोन शब्द बोललो, तेव्हा डीलरने नम्रपणे पण स्पष्टपणे सांगितले, “सर, हँड संपल्यावर बोला.” हे अगदी रास्त आहे. एका हातावर एकाच खेळाडूने खेळायचे असते, आणि दोन ओळखीच्या माणसांनी इतरांना न समजणाऱ्या भाषेत कुजबुजणे हा बाकीच्या सात जणांवर अन्याय ठरतो. पुढे एक जागा रिकामी झाली तेव्हा फ्लोअर मॅनेजरने मेहुण्यांना दुसऱ्या टेबलावर जाण्याची विनंती केली आणि तीही आम्हाला योग्य वाटली.

ठाण्यातील बहुतेकांचे पत्त्यांचे शिक्षण दिवाळीच्या रात्री तीन पत्तीवर झालेले असते, आणि ती सवय येथे मोडावी लागते. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने आलेले पत्ते) कलरला (एकाच चिन्हाचे पत्ते) हरवतो. पोकरमध्ये याच्या उलट आहे. कारण गणिती आहे. तीन पत्त्यांच्या 22,100 संभाव्य हातांत नुसते सिक्वेन्स 720 आणि नुसते कलर 1,096 असतात, म्हणून सिक्वेन्स दुर्मीळ आणि वरचढ ठरतो. पाच पत्त्यांच्या 25,98,960 हातांत मात्र सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108 असतात. माझ्या डोळ्यांदेखत एका खेळाडूने पाच ते नऊ असा सिक्वेन्स अभिमानाने टेबलावर मांडला आणि समोरच्याच्या पाच बदामांकडे पॉट जाताना पाहून तो काही क्षण तसाच बसून राहिला. डीलरने त्याला शांतपणे नियम समजावून सांगितला. टेबलावर कोणीही हसले नाही, ही गोष्ट मला विशेष आवडली.

लहान टेबलावरचा खेळ पुस्तकातल्या खेळापेक्षा फार वेगळा असतो. नऊपैकी पाच-सहा जण फक्त 200 रुपये भरून टेबलावरचे पहिले तीन पत्ते पाहायला येतात आणि एकदा आले की सहजी जात नाहीत. अशा ठिकाणी कोरी हूल देणे म्हणजे पैसे फेकणे होय. चांगला हात आल्यावर न लाजता पुरेशी रक्कम लावणे, एवढेच फळते. हातात जोडी आली तर पहिल्या तीन पत्त्यांत तिला तिसरा सारखा पत्ता मिळण्याची शक्यता जेमतेम 12 टक्के असते. तेव्हा वाट पाहण्याची तयारी हवी, आणि थेट टेबलावर तासाला 25 ते 30 च डाव होत असल्याने ती तयारी फोनपेक्षा कितीतरी जास्त लागते. एका डावात मेहुण्यांकडे इस्पिकचे चार पत्ते जमले होते आणि एकच पत्ता उघडायचा उरला होता. पॉट 4,000 चा, समोरच्याने 3,000 लावले. 7,000 मिळवण्यासाठी 3,000 घालायचे तर जिंकण्याची शक्यता 30 टक्के हवी, आणि पाचवे इस्पिक येण्याची शक्यता 20 टक्क्यांहूनही थोडी कमी होती. त्यांनी पत्ते टाकले. शेवटचा पत्ता इस्पिकचाच आला, आणि तरीही त्यांचा निर्णय बरोबरच होता. हे मनापासून मान्य होणे हा या खेळातील सर्वांत कठीण आणि मला सर्वांत प्रिय भाग आहे.

आता किमतीकडे येतो. रेक, म्हणजे प्रत्येक पॉटमधून जहाज कापून घेते तो हिस्सा, पॉटच्या 5 टक्के होता, त्याला कमाल मर्यादा होती, आणि पहिले तीन पत्ते उघडण्याआधीच डाव संपला तर काही कापले जात नव्हते. 5 टक्के ऐकायला किरकोळ वाटते, पण हिशेब करून पाहावा. सरासरी पॉट 6,000 रुपयांचा धरला तर डावामागे 300 रुपये जातात. तासाला 25 डाव झाले तर टेबलावरून 7,500 रुपये उठतात. नऊ जणांत वाटले तर प्रत्येकाचे तासाला 800 रुपयांहून अधिक, आणि सहा तास बसले तर सुमारे 5,000, म्हणजे 20,000 च्या चिप्सचा पाव हिस्सा. यात डीलरला दिलेली टीप धरलेली नाही. म्हणजे एखादा खेळाडू टेबलावरील इतरांच्या अगदी बरोबरीने खेळला तरी पहाटे उठताना त्याच्या चिप्स कमी झालेल्या असतात. हा दर आणि त्याची मर्यादा ठळक फलकावर असायला हवी होती. मला ती फ्लोअर मॅनेजरला विचारून घ्यावी लागली.

कराबाबत तर अधिक सावध राहावे. कॅसिनोतील चिप्ससाठी भरलेल्या रकमेवर 1 ऑक्टोबर 2023 पासून 28 टक्के वस्तू व सेवा कर होता, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला आहे. जिंकलेल्या चिप्स पुन्हा खेळात लावल्या तर त्यांवर हा कर नव्याने लागत नाही, पण खिशातून पुन्हा पैसे काढून नवीन चिप्स घेतल्या की लागतो. या कराचा भार खेळाडूकडून कसा वसूल होतो, हे पैसे देण्याआधी काउंटरवर स्पष्ट विचारावे आणि पावती मागून घ्यावी. आम्हाला हिशेब आधी केवळ तोंडी सांगण्यात आला आणि आग्रह धरल्यावरच कागद मिळाला. याशिवाय पत्त्यांतील जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के प्राप्तिकर असतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. म्हणजे आज जिंकले आणि उद्या तेवढेच हरले, तरी कर आजच्या जिंकलेल्यावर द्यावाच लागतो. ज्यांच्या मनात पोकर हा जोडधंदा करण्याचा विचार असेल, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इतर सोयी ठीक होत्या. जेवण टेबलाजवळ आणून देतात, चहा मात्र पिण्याजोगा नव्हता. खुर्च्या चांगल्या, वातानुकूलन कडक. स्वेटर नेलेला बरा. टेबलाशी धूम्रपानाला मनाई होती, तरी दार उघडले की शेजारच्या कक्षातला धूर आत येत असे. टेबलावर एकच महिला खेळाडू होत्या. त्यांच्याशी सर्वांचे वागणे सभ्य होते आणि खेळ आम्हा सगळ्यांत त्यांचाच सरस होता.

ज्याला नियम पक्के ठाऊक आहेत, जो पूर्ण हरली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही अशी रक्कम वेगळी काढू शकतो, आणि ज्याला जिंकण्याइतकीच विचार करण्याची हौस आहे, त्याने वर्षातून एखाद्या वेळी येथे जरूर बसावे. रक्कम ठरवताना प्रवास आणि प्रवेशशुल्क त्यातच धरावे आणि कार्ड ठाण्याला घरीच ठेवून जावे, कारण काउंटरवर कार्ड घासण्याची सोय फार सुलभ आहे. ज्याला हरलेले त्याच रात्री परत मिळवावेसे वाटते, त्याने येऊ नये. उठताना चिप्स रोख करण्यासाठी पहाटे रांग असते. परतीची गाडी सकाळची असेल तर किमान तासभर आधी टेबल सोडावे, आणि काउंटरवरून मिळालेला प्रत्येक कागद प्राप्तिकर विवरणपत्र भरेपर्यंत जपून ठेवावा.