अंगणातला राष्ट्रीय सोहळा: १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर की २६ जानेवारी?

घरच्या अंगणात, परसबागेत किंवा शेतातल्या आंब्याखाली चाळीस-पन्नास माणसे बोलावून राष्ट्रीय दिवस साजरा करायचे मनात आले, की मराठवाड्यात तीन तारखांचा विचार करावा लागतो. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिन साऱ्या देशाचे आहेत. १७ सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आपला आहे, कारण १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा आपले जिल्हे हैदराबादच्या निजामाच्या राजवटीत होते, आणि तेरा महिन्यांनी, भारतीय सैन्याच्या ‘पोलीस कारवाई’च्या पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली तेव्हा ते मुक्त झाले. आमच्या घरी या तिन्ही दिवशी कार्यक्रम करून पाहिले आहेत. त्या अनुभवातून हे लिहितो आहे.

१५ ऑगस्टला सुटी सर्वांना असते आणि सकाळी शाळेचे झेंडावंदन आटोपून आलेली मुले उत्साहात असतात, हे त्या दिवसाचे मोठे बळ. अडचण पावसाची आहे. पावसाने खंड दिला असेल तर दुपारी उकाडा असह्य होतो आणि झड लागली असेल तर काळ्या मातीत माणूस उभा राहू शकत नाही. एका वर्षी आदल्या रात्रीच्या पावसानंतर आम्ही अंगणात खुर्च्या मांडल्या, तर बसणाऱ्याच्या वजनाने खुर्चीचे पाय वीतभर आत गेले आणि वृद्ध पाहुण्यांना हात धरून ओसरीवर आणावे लागले. फरशीचे अंगण किंवा पत्र्याची शेड नसेल, तर ही तारीख घेऊ नये. बहुतेक वर्षी श्रावणही सुरू असतो, त्यामुळे कोणाचा उपवास आहे हे आधी विचारून घ्यावे. बाकीच्यांना धपाटे आणि दही पुरेसे होते.

माणसे भरपूर आणि जागा मोकळी असेल, तर २६ जानेवारीला तोड नाही. जमीन कोरडी, ऊन कोवळे, शेतात ज्वारी आणि हरभरा उभा, आणि मुख्य म्हणजे हुरड्याचे दिवस. मात्र यात एक मेख आहे. सप्टेंबरअखेर पेरलेल्या ज्वारीचा दाणा जानेवारीच्या शेवटी कडक झालेला असतो आणि हुरड्याला तो हिरवा, चिकातला लागतो. म्हणून शेत स्वतःचे असेल तर चार-सहा तासे (ओळी) उशिरा पेरून ठेवावीत, नसेल तर ओळखीच्या शेतकऱ्याला दिवाळीपूर्वीच सांगून ठेवावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘परभणी वसंत’ हे वाण दिले आहे, ते मिळाल्यास उत्तमच. आगटी, म्हणजे कणसे भाजायचा खड्डा, वाऱ्याच्या आडोशाला खणावी, गोवऱ्यांचा विस्तव चांगला फुलल्यावरच कणसे खुपसावीत आणि जवळ पाण्याच्या दोन बादल्या ठेवाव्यात, कारण भोवती वाळलेला पाला असतो. गरम कणीस तळहातावर चोळून फुंकर मारली की कोंडा उडतो आणि वाफाळलेले हिरवे दाणे हातात राहतात. ते थांबून राहत नाहीत, लगेच खावे लागतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही आणि हरभऱ्याचे ढाळे एवढे असले, की स्वयंपाकघरातल्या बायकांनाही त्या दिवशी पंगतीत बसता येते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

झेंड्याचे नियम तिन्ही दिवशी सारखेच आहेत. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असावे, झेंडा जमिनीला टेकू नये, टेबलावर अंथरू नये, प्लॅस्टिकचा तर आणूच नये. २०२२ पासून नागरिकाला आपल्या घरी तो रात्रीही फडकत ठेवता येतो. खादीचा झेंडा हवा असेल तर तो आपल्या नांदेडलाच तयार होतो. थोडे जास्त पैसे गेले तरी तोच घ्यावा.

आता १७ सप्टेंबर. पाऊस याही दिवशी गाठतो, कधी महालक्ष्म्यांची गडबड असते, कधी पितृपक्ष लागलेला असतो, आणि ही राष्ट्रीय सुटी नसल्याने पुण्या-मुंबईचे नातेवाईक येऊ शकत नाहीत. मोठ्या मेजवानीसाठी हा दिवस निवडू नका. पण घरात, भावकीत किंवा गल्लीत पंच्याऐंशीच्या पुढचे, ते दिवस आठवणारे कोणी असेल, तर यंदा बाकीच्या दोन तारखा बाजूला ठेवून हीच घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव मुलांना पुस्तकात भेटते. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धाकाने आपल्या गावातली कोणती घरे रातोरात रिकामी झाली, माणसे कोणत्या वाटेने संस्थानाच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांत गेली, हे मात्र सांगणाऱ्याच्या तोंडूनच कळते आणि सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. वीस माणसे, ओसरी, येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची) आमटी आणि ज्वारीची भाकरी एवढाच बेत ठेवावा. जेवणाआधी, आजी-आजोबा थकण्यापूर्वी, त्यांना बोलते करावे, आणि एका नातवंडाला वही घेऊन शेजारी बसवावे, म्हणजे गावांची आणि माणसांची नावे तिथल्या तिथे विचारून नीट लिहून घेता येतात.