वणव्याचा आराखडा : जिल्ह्याचा एकत्र, की आपापल्या डोंगराचा?

वनहक्क समितीच्या किंवा संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तुमच्या गावालाही हा प्रश्न सोडवायचा असेल, म्हणून लिहितो आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठच्या बाजूच्या आमच्या पाच गावांनी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. पहिले दोन हंगाम आम्ही जिल्ह्याच्या एकत्रित आराखड्यात होतो. त्यानंतरचे तीन हंगाम आमच्या एका डोंगरापुरता करार करून काम केलं. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पालापाचोळा आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा, कशी काढतात, वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून का धरतात, हे तुम्हाला सांगायला नको.

आमचा डोंगर एकच, पण मालक चार. पायथ्याला गायरान, ते महसूलचं. त्याच्या वर वरकस जमीन, ती शेतकऱ्यांची. माथ्याकडे राखीव वन. पलीकडच्या उतारावर वनविकास महामंडळाचं सागाचं रोपवन. आग बहुतेक वेळा गायरानातल्या गवतात लागते आणि वाऱ्यासोबत अर्ध्या तासात माथा गाठते. चौघांपैकी एकाने चोख जाळरेषा काढली आणि दुसऱ्याने नाही काढली, तर पहिल्याची मेहनत फुकट. म्हणून सगळ्यांनी मिळून आराखडा करायचा, यावर दुमत नाही. मिळून म्हणजे कुठल्या टेबलावर बसून आणि पैसा कुठल्या खात्यात ठेवून, एवढाच काय तो प्रश्न.

पहिली वाट जिल्ह्याची. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 प्रमाणे जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्याचा आराखडा असतो. त्याच टेबलावर वन विभागाचे पूर्व-पश्चिम दोन्ही विभाग, महामंडळ, महसूल, बांधकाम खातं, महावितरण, पोलीस आणि अग्निशमन दल यांना बसवता येतं. पैशाची मागणी जिल्हा नियोजनातून, शिवाय केंद्राच्या वणवा प्रतिबंध योजनेतून, जिच्यात आपल्यासारख्या राज्यांत केंद्राचा वाटा 60 आणि राज्याचा 40 टक्के. या वाटेचं बळ मी कमी लेखणार नाही. रस्त्याकडेचं गवत वेळेवर काढायला बांधकाम खात्याला गावाने सांगून उपयोग नसतो. तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायला महावितरणला लेखी आदेश लागतो. पानं उडवायचे ब्लोअर आम्हाला पहिल्यांदा मिळाले ते याच आराखड्यातून.

आणि ज्यांचा डोंगर ब्रह्मगिरी किंवा अंजनेरीसारखा आहे, त्यांनी माझ्या पुढच्या म्हणण्याकडे थोडं दुर्लक्ष केलं तरी चालेल. तिथे भाविक, ट्रेकर, वाहनतळ, नगरपरिषद हे सगळं एकत्र येतं, आणि कुंभमेळ्याच्या गर्दीचा विचार पाच गावं करू शकत नाहीत. तिथे जिल्हाच हवा.

दुसरी वाट डोंगराची. एका डोंगराला लागून असलेल्या ग्रामसभा, त्या बीटचे (वनखात्याच्या सगळ्यात लहान हद्दीचे) वनरक्षक आणि वनपाल, महामंडळाचा माणूस आणि तलाठी यांनी नकाशा पुढे घेऊन बसायचं. कुठली जाळरेषा कोण काढणार, कुठल्या टेकाडावर कोण बसणार, रात्री पहिला फोन कुणाला, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या. यात पैसा एकत्र करायचा नाही. प्रत्येकाने आपल्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकात त्या कामासाठी ठेवलेल्या पैशातून) आपल्या हद्दीतलं काम करायचं, फक्त तारखा आणि जागा एकमेकांशी जुळवायच्या.

आगीची खबर कुणाकडून लवकर मिळते, यात मला मोठा फरक दिसला नाही. भारतीय वन सर्वेक्षणाचे उपग्रहाचे संदेश दोन्हीकडे तेच, आणि नाव नोंदवलं तर कुणाच्याही मोबाइलवर फुकट येतात. ते जरूर चालू करून घ्या. पण त्यांतला बारीक नजरेचा संवेदक आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. आमच्याकडच्या आगी तीन-चार वाजता लागतात, वारा सुटल्यावर. तेव्हा टेकाडावर बसलेल्या माणसाचे डोळे हीच आमची पहिली खबर.

राबाच्या बाबतीत मात्र फरक उघड दिसला. आमच्याकडे भात आणि नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून मार्च ते मे या काळात पेटवतात. मोहाची फुलं वेचायला झाडाखालची जागाही साफ करतात, काही जण काडी लावूनच. जिल्ह्याच्या आराखड्यात यावर एक ओळ होती : राब जाळण्यावर नियंत्रण ठेवावे. ते कोणी, कधी, कसं ठेवायचं याचा उल्लेख नव्हता, आणि इतक्या वरून तो करणं शक्यही नव्हतं. डोंगराच्या करारात आम्ही 26 जानेवारीच्या ग्रामसभेतच प्रत्येक पाड्याची राबाची तारीख ठरवतो. दिवस मावळताना, वारा पडल्यावर, शेजारच्या दोन घरांची माणसं डहाळे आणि पाण्याचे हंडे घेऊन उभी असतानाच राब पेटवायचा. मोहाखाली काडी लावायची नाही, जुनी लुगडी अंथरायची. या कलमाला एक रुपया लागला नाही. मोजमाप मी ठेवलेलं नाही, पण माझ्या डोळ्यांदेखत आगी उतरल्या त्या सगळ्यात जास्त यामुळेच.

एवढं असूनही मी कदाचित जिल्ह्याच्याच वाटेवर राहिलो असतो. निर्णय फिरला तो एका तारखेमुळे.

31 मार्च.

वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो आणि सरकारी वर्ष 31 मार्चला संपतं. म्हणजे हंगामाचे पहिले सहा आठवडे एका वर्षाच्या पैशात आणि उरलेले अकरा दुसऱ्या वर्षाच्या पैशात. खरा धोका एप्रिलमध्ये, गवत कडकडीत वाळलेलं आणि सागाची पानं जमिनीवर पडलेली असताना. नेमका तेव्हाच जुना निधी परत गेलेला असतो आणि नवा आलेला नसतो.

आमच्या दुसऱ्या हंगामात सहा राखणदार नेमले होते. सगळे गावातलेच, डोंगराच्या वाटा पायाखालच्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बिलं मागितली गेली, मी रात्री जागून हजेरीपत्रकं पूर्ण केली, आणि मार्चपर्यंतची मजुरी मिळाली. त्यानंतर त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने मला विचारलं, “गुरुजी, एप्रिलचं काय धरायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. कार्यालयात विचारलं तर अनुदान आल्यावर देऊ, आत्ता लेखी काही देता येणार नाही, असं सांगण्यात आलं. ज्याने सांगितलं त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या हातात खरंच काही नव्हतं.

एप्रिलमध्ये दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची खरड छाटणी सुरू होते. तिथे रोजंदारी रोख मिळते, येण्या-जाण्याला गाडी येते. सहापैकी पाच जण छाटणीला गेले. घरात लग्न, कुणाच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज. कुठल्या तोंडाने थांबवणार होतो मी त्यांना? राहिलेला एक म्हातारा रोज टेकाडावर जाऊन बसत होता. त्याच पंधरवड्यात गायरानाच्या बाजूने आग लागली. म्हाताऱ्याने हाक दिली, आम्ही डहाळे घेऊन पळालो, पण वर पोचेपर्यंत माथा गेला होता. रात्रभर विझवत होतो. चार वर्षं राखलेली सादड्याची आणि मोहाची रोपं एका रात्रीत गेली. सकाळी खाली उतरताना कुणी कुणाशी बोललं नाही. त्या एप्रिलचा निधी आला तेव्हा आमच्या शेतात भाताची लावणी चालू होती.

भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 79 प्रमाणे जंगलात हक्क असलेल्या माणसाने आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. ते आम्ही करतोच, आणि कायदा नसता तरी केलं असतं. पण ज्या माणसाकडून एप्रिलमध्येही हे काम हवं, त्याची एप्रिलची मजुरी आधी बाजूला काढून ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

डोंगराच्या करारात हे जमलं. पेसा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध (कुठल्या एकाच कामाला न बांधलेला) निधी थेट मिळतो आणि त्यातून करायच्या कामांत वन्यजीव संवर्धन आणि वनीकरण येतं. शिवाय आमच्या समितीच्या खात्यात बांबूविक्रीचे थोडे पैसे होते. पाचही ग्रामसभांनी ठराव करून यातली ठरावीक रक्कम फक्त 1 एप्रिल ते 15 जूनच्या राखणदारीसाठी बाजूला ठेवली. ही रक्कम बँकेत असते, 31 मार्चला परत जात नाही. जाळरेषेचं आणि मार्चपर्यंतचं काम विभाग आणि महामंडळ पूर्वीसारखंच आपल्या पैशातून करतं. महामंडळ ही 1974 ची सरकारी कंपनी, तिचा हिशेब तिचा स्वतःचा, त्यामुळे त्यांच्या बाजूने जुळवून घेणं तुलनेने सोपं गेलं. सगळ्यात अवघड गेली गायरानाची जाळरेषा, कारण ती कुणाच्याच लेखाशीर्षात बसेना. शेवटी ती आम्ही श्रमदानातून डिसेंबरमध्ये काढतो.

हे दुखणं आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत बॉइझी शहरात 1965 पासून वेगवेगळ्या खात्यांची माणसं एका छताखाली बसून पथकं आणि विमानं वाटून घेतात, आणि ते आजही चालू आहे. पण पाच संघीय खात्यांनी मिळून खर्चाचा आराखडा ठरवणारी एकच प्रणाली उभी करायला घेतली होती, ती 2014 मध्ये सोडून द्यावी लागली. तिथल्या वनसेवेचा वणव्यावरचा खर्च 1995 मध्ये तिच्या अंदाजपत्रकाच्या 16 टक्के होता, 2015 मध्ये तो वाढून अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून जास्त झाला. हंगामाच्या मध्यात पैसे संपले की प्रतिबंधाच्या कामांचे पैसे काढून विझवण्यावर घालायचे, असं वर्षानुवर्षं चाललं. 2018 च्या कायद्याने विझवण्यासाठी वेगळा राखीव निधी केला, तो 2020 च्या वर्षापासून मिळू लागला. आकार कितीतरी मोठा, पण मला त्यात आमचाच एप्रिल दिसतो. काम आणि माणसं एकत्र करणं जमतं, खाती एकत्र करणं फार जड जातं, आणि हंगामाच्या मध्यासाठी पैसा आधीच वेगळा काढलेला असावा लागतो.

डोंगराच्या वाटेच्या उणिवाही सांगतो, नाहीतर फसवल्यासारखं होईल. गावात दोन तट असतील तर बाजूला ठेवलेल्या पैशावरूनच भांडण होतं. आमच्या पाचपैकी एका गावात ते झालं आणि एक हंगाम ते गाव बाहेर राहिलं. वनपालांची बदली झाली की नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि तो कागदावरची सही मानेलच असं नाही. ज्या गावाला पेसा लागू नाही आणि सामूहिक वनहक्कही (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि राखायचा कायदेशीर हक्क) मिळालेला नाही, त्याच्याकडे एप्रिलसाठी ठेवायला पैसाच नसतो. अशा गावाला मी तूर्त जिल्ह्याच्याच आराखड्यात राहा म्हणेन, आणि वनहक्काचा दावा पुढे न्या म्हणेन. मोठी आग एकापेक्षा जास्त डोंगरांवर गेली तर पाच गावांच्या कागदाला काही अर्थ उरत नाही, तेव्हा जिल्ह्याचा फोन लागलाच पाहिजे. म्हणून आमच्या कराराची एक प्रत आम्ही दरवर्षी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती कक्षात पोच घेऊन देतो.

तुमचा डोंगर वेगळा असेल, माणसं वेगळी असतील. तरी मला विचाराल तर पेसा गावांनी आधी डोंगराचा करार करावा आणि तो घेऊन जिल्ह्याच्या टेबलावर जावं. आमचं वेळापत्रक असं : 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एप्रिलची रक्कम वेगळी काढायचा ठराव. दिवाळीच्या आत ब्लोअरची आणि रस्त्याकडेच्या गवताची मागणी जिल्ह्याकडे. डिसेंबर-जानेवारीत, दव असेपर्यंत, जाळरेषा. 26 जानेवारीला राबाच्या तारखा. आणि राखणदारांची नावं ठरवताना प्रत्येकाला जूनपर्यंतची मजुरी कुठल्या खात्यातून मिळणार, ते पासबुक उघडून दाखवायचं. मागच्या वर्षी आमचे सहाही जण खरड छाटणीला गेले नाहीत.