ऑटोमॅटिक लिटर बॉक्स, प्रेग्नन्सीत सात महिने वापरून लिहितेय

५ पैकी ३ स्टार. मांजरांच्या शीचा डबा आपोआप साफ करणारं हे मशीन चांगलं चालतं, पण मी ज्या कारणासाठी घेतलं नेमक्या त्याच बाबतीत जाहिरातीतला सल्ला चुकीचा आहे. गरोदर बाईने तो तसाच पाळला तर धोका आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे दोन मांजरं. गोड बातमी कळली आणि जो तो म्हणायला लागला की मांजरं कुणाला तरी देऊन टाका. मी खूप रडले. डॉक्टरांनी टॉक्सोप्लाझ्माची (मांजरांच्या शीतून पसरणारा एक परजीवी, थोडक्यात टॉक्सो) ब्लड टेस्ट करायला लावली, त्यात आयजीजी निगेटिव्ह आलं, म्हणजे हे इन्फेक्शन मला आधी झालेलं नाही आणि आता पहिल्यांदा झालं तर ते बाळापर्यंत जाऊ शकतं, त्याच्या डोळ्यांवर, मेंदूवर परिणाम होऊ शकतो. तरी त्या म्हणाल्या, मांजरं राहू देत, फक्त त्यांच्या शीच्या डब्याला तू हात लावायचा नाहीस.

मग हे घेतलं. मांजर बाहेर आलं की थोड्या वेळाने ड्रम फिरतो, वाळू गाळली जाते आणि शीचे गोळे खालच्या ड्रॉवरमध्ये पडतात. वास खरंच कमी झाला, त्याचे पूर्ण मार्क. शी पातळ असेल तर मात्र ड्रमला चिकटते आणि ती कुणालातरी हाताने पुसावीच लागते.

आता मुख्य मुद्दा. जाहिरात म्हणते ड्रॉवर आठवड्यातून एकदा रिकामा करा. मांजराला टॉक्सोची लागण पहिल्यांदा होते तेव्हा साधारण १ ते ३ आठवडे त्याच्या शीतून परजीवीची अंडी पडतात, पण ताज्या शीतली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना तयार व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून तर डबा रोजच्या रोज साफ करा असं सांगतात. मशीनने शी वाळूतून काढली खरी पण घराबाहेर कुठे टाकली, ती तिथेच ड्रॉवरमध्ये पडून राहते, आणि आठवड्याने उघडाल तेव्हा जी अंडी असतील त्यातली बरीचशी तयार झालेली असणार! नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत, उकळतं पाणी लागतं, आणि सेन्सरवाल्या ड्रमवर ते ओतता येत नाही.

मी कस्टमर केअरला सरळ विचारलं की गरोदर बाईने ड्रॉवर काढला तर चालेल का. उत्तर आलं, हो मॅडम, एकदम सेफ आहे, हात लावावाच लागत नाही. याचा मला फार राग आला. १ स्टार त्यासाठी कापला.

आमच्याकडे ड्रॉवर रोज सकाळी नवरा काढतो, पिशवी बांधून फेकतो, मी त्या खोलीत जात पण नाही. घरात दुसरं कुणीच नसेल तर डिस्पोजेबल ग्लोव्ह्ज घालून रोज काढा आणि नंतर साबणाने हात नीट धुवा, पण मग हे मशीन घेऊन तुमचं काम फारसं वाचत नाही.

दुसरा स्टार आवाजासाठी. मोठी मांजर ड्रमला घाबरून पहिले दहा दिवस कुंडीत जायला लागली, आणि त्या कुंड्यांची माती मीच हाताने उकरत होते! मातीतूनही हीच लागण होते हे मला तेव्हा कळलं. कुंड्यांवर जाळी टाकली, जुना डबा परत शेजारी ठेवला, मग हळूहळू ती मशीनवर आली.

आणि हे घेतलं म्हणजे टॉक्सोची काळजी मिटली असं समजू नका, कच्चं राहिलेलं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यातूनही ते येतं. मांजरांनाही कच्चं मांस देणं बंद केलं, बाहेर शिकारीला सोडणं बंद केलं. भाचीचा हॅमस्टर सुट्टीत आमच्याकडे ठेवायचं चाललं होतं, त्याला डॉक्टरांनी नाहीच म्हटलं, उंदीर-हॅमस्टरकडून एलसीएम नावाचा व्हायरस येऊ शकतो आणि तोही पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा करतो.

मांजरांना जवळ घेणं मी थांबवलेलं नाही, नंतर हात धुते एवढंच. रोज ड्रॉवर काढणारं दुसरं माणूस घरात असेल तर घ्या. नसेल तर साधा डबा आणि रोज येणारी मदत बघा.