फ्लाइट कंट्रोलरची चाचणी: एसआयटीएल, यूएसबीवरचं एचआयएल की पूर्ण बेंच?

मुंबईत ड्रोनचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची पहिली अडचण आकाशाची. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीच्या आत परवानगीशिवाय उड्डाण नाही, आणि ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात मोकळीक फक्त ६० मीटरपर्यंत. म्हणजे अंधेरी, वांद्रे, पवई बाद. वर चार महिने पाऊस. तेव्हा फ्लाइट कंट्रोलरची, म्हणजे ड्रोन उडवणाऱ्या बोर्डची आणि त्यातल्या सॉफ्टवेअरची, चाचणी टेबलावरच होणार. शीर्षकातल्या तीन पद्धतींतून निवडताना एकच बघायचं: खरी वायर कुठे तोडून तिथे ड्रोनचं संगणकातलं मॉडेल जोडलंय? तोडलेल्या जागेपलीकडचं काहीच तपासलं जात नाही.

एसआयटीएलमध्ये (सॉफ्टवेअर-इन-द-लूप) कंट्रोलरचं सॉफ्टवेअर आणि सिम्युलेटर, सगळंच लॅपटॉपवर चालतं. खर्च शून्य. पीएक्स४ या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेटर आणि कंट्रोलर एकमेकांसाठी थांबतात, त्यामुळे डीबगरमध्ये मध्येच थांबवा किंवा वेग वाढवून रात्रभर मिशन चालवा, निकाल बिघडत नाही. आर्डूपायलट या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वारा वाढवणं, जीपीएस तोडणं, एका मोटरचा जोर कमी करणं नुसत्या पॅरामीटरवर होतं. मिशन लॉजिक आणि फेलसेफच्या (बिघाड झाल्यावर ड्रोनने काय करायचं) बहुतेक चुका इथेच सापडतात. सापडत नाहीत त्या स्टॅक ओव्हरफ्लो (नेमून दिलेली मेमरी अपुरी पडणं), डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता होणारी डेटाची ने-आण) आणि ड्रायव्हरच्या. लॅपटॉपला १६ जीबी रॅम असते, फ्लाइट कंट्रोलरवरच्या एसटीएम३२एच७४३ चिपला १ एमबी.

यूएसबीवरच्या एचआयएलबद्दल (हार्डवेअर-इन-द-लूप) आमचं मत फारसं चांगलं नाही. बोर्ड खरा असतो, पण सेन्सरचे आकडे मॅव्हलिंक (ड्रोनशी बोलायचा प्रोटोकॉल) संदेशांतून येतात. एसपीआय या चिप जोडणाऱ्या बसवरच्या आयएमयूचा (ड्रोनचं त्वरण आणि फिरणं मोजणारा सेन्सर) ड्रायव्हर, जिथे हार्डवेअरचे खरे घोटाळे होतात, तो चालतच नाही. शिवाय पीएक्स४ च्या या पद्धतीत एकमेकांसाठी थांबणं नाही. यूएसबीचा विलंब लूपमध्ये शिरतो, ड्रोन हॉव्हरमध्ये डुलायला लागतो आणि कुणीतरी पीआयडी (नियंत्रणाचे गुणांक) बदलायला बसतो. इथे ट्यूनिंग करू नका. सिम्युलेटरला यूएसबी पोर्ट मिळत नसेल, तर बहुधा क्यूग्राउंडकंट्रोल या जमिनीवरून ड्रोन सांभाळणाऱ्या ॲपने ते आधीच धरलेलं असतं. त्या ॲपला यूडीपी १४५५० या नेटवर्क पोर्टवरून जोडा. फर्मवेअरमध्ये सिम्युलेटेड आउटपुटचं मॉड्यूल नसेल तर बोर्डच्या फाइलमध्ये ते चालू करून पुन्हा बिल्ड करावं लागतं. काम झाल्यावर एचआयटीएलचं (एचआयएलचंच दुसरं नाव) पॅरामीटर शून्यावर आणा, नाहीतर खरे सेन्सर सुरूच होणार नाहीत. कंपॅनियन संगणक (ड्रोनवरचा दुसरा, मदतनीस संगणक) खऱ्या यूएआरटी सिरीयल पोर्टवर जोडून बघायला मात्र हा सेटअप कामाचा.

पूर्ण बेंचमध्ये रिअल-टाइम संगणक मॉडेल ठरलेल्या टप्प्याने, समजा १ मिलिसेकंदाने, पुढे नेतो. मोटरचे सिग्नल खऱ्या पिनवरून मोजतो आणि सेन्सरचे सिग्नल विजेच्या पातळीवर देतो. सगळ्यात अवघड आयएमयू: एकतर एफपीजीएवर (आतलं सर्किट हवं तसं ठरवता येणारी चिप) एसपीआयची नक्कल करा, नाहीतर बोर्ड तीन अक्षांच्या रेट टेबलवर (ठरलेल्या वेगाने फिरवणारं यंत्र) बसवा. जीपीएस सिम्युलेटरचा सिग्नल हवेत सोडायचा नाही, केबलनेच जोडायचा. मध्ये डीसी ब्लॉक (व्होल्टेज अडवून फक्त सिग्नल जाऊ देणारा) हवाच, कारण रिसीव्हर अँटेनासाठी त्याच केबलवर व्होल्टेज देतो. सिग्नल क्षीण करणारे पुरेसे ॲटेन्युएटरही हवेत. रिसीव्हरला अपेक्षित असतात सुमारे उणे १३० डीबीएम, म्हणजे अतिशय क्षीण सिग्नल.

एवढा खर्च का करायचा, याचं उत्तर ४ जून १९९६ च्या एरियान ५ या युरोपीय रॉकेटच्या अपघातात आहे. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसला नाही, दिशादर्शक यंत्रणा बंद पडली आणि सुमारे ४० सेकंदांत रॉकेट गेलं. जमिनीवरच्या क्लोज्ड-लूप (कंट्रोलरचं आउटपुट मॉडेलमधून पुन्हा त्याच्याकडे येणाऱ्या) चाचण्यांत त्या यंत्रणेच्या जागी सॉफ्टवेअर मॉडेल होतं.

बोर्ड बाजारातला तयार पिक्सहॉक फ्लाइट कंट्रोलर असेल आणि तुम्ही फक्त मिशन लिहीत असाल, तर एसआयटीएल पुरे. बोर्ड स्वतः बनवला असेल तर अर्धा बेंच उभारा: मोटरचे सिग्नल मोजायला टीन्सी ४.१ मायक्रोकंट्रोलर बोर्ड, बॅटरी उतरावी तसं व्होल्टेज १६.८ वरून १३.२ पर्यंत उतरवता येईल असा पॉवर सप्लाय, कॅन बसवर (उपकरणं एकमेकांना जोडणारी तारांची जोडी) जीपीएसची नक्कल करणारा नोड (बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर) आणि वायर तोडायला लॅमिंग्टन रोडवरचे रिले. आयएमयू स्थिर राहतो, त्यामुळे लूप पूर्ण होत नाही. पण तुटलेली वायर, पडलेलं व्होल्टेज, अडकलेली बस हे सगळं खऱ्या ड्रायव्हरवर दिसतं. रिलेच्या कॉइलवर फ्लायबॅक डायोड (कॉइलचा उलटा झटका जिरवणारा) विसरलात तर त्या झटक्याने बोर्ड रीसेट होतो आणि दोष फर्मवेअरवर येतो.

माणसं नेणाऱ्या विमानासाठी पूर्ण बेंच टाळता येत नाही. डीओ-१७८सी या विमानातल्या सॉफ्टवेअरच्या मानकातही सॉफ्टवेअर प्रत्यक्ष टार्गेट संगणकावर, खऱ्याच्या जवळ जाणाऱ्या वातावरणात तपासण्यालाच पसंती आहे. विक्रेत्याकडून कोटेशन घेताना लूपचा सरासरी विलंब विचारू नका, सगळ्यात वाईट किती ते लेखी मागा.