तारांकित प्रश्न की लक्षवेधी?

गगनबावड्याकडून मामांचा फोन आला. आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर नसतो आणि कोल्हापूरला सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठायचा रस्ता पावसात पाण्याखाली जातो. आमदारांना पत्र द्यायचंय, पण त्यांना सभागृहात काय मांडायला सांगायचं? तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं तोंडी उत्तर मंत्र्यांकडून मागितलेलं असतं तो, की लक्षवेधी, म्हणजे एखाद्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना?

वेळेच्या बाबतीत दोन्हींत मोठा फरक आहे. तारांकित प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते. लक्षवेधी तातडीच्या विषयासाठी असते, अधिवेशन चालू असतानाही देता येते. मात्र सूचना ढीगभर येतात, अध्यक्ष त्यातल्या मोजक्याच स्वीकारतात.

हाती काय लागतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तारांकित प्रश्नाला नेमकं उत्तर द्यावं लागतं: मंजूर पदं किती, रिक्त किती, केव्हापासून. तोंडी चर्चेची पाळी आली नाही तरी लेखी उत्तर छापून येतं आणि पुढच्या वर्षी तोच कागद मंत्र्यांसमोर धरता येतो. लक्षवेधीत मंत्री निवेदन करतात, मग सदस्य प्रश्न विचारतात. आश्वासन दोन्हीकडे मिळू शकतं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता. तसा रस्ता तुटला तर लक्षवेधीच. पण मामा, डॉक्टरच्या रिकाम्या खुर्चीसाठी तारांकित प्रश्नच मागा. पत्रात आरोग्य केंद्राचं नाव, पदाचं नाव आणि रात्री पेशंट परत पाठवल्याच्या तारखा लिहा.