क्लॅम्प मीटर, आठ महिने: विहिरीच्या वायरीत हरवलेले २३ व्होल्ट

क्लॅम्प मीटर म्हणजे वायर न कापता, नुसती जबड्यात धरून करंट मोजणारा मीटर. मार्गशीर्षात घेतला, आता श्रावण चाललाय. बेळगावच्या बाजारातून, १३५० रुपयांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्यातले, नुसतं स्टिकर वेगळं असलेले चार मीटर दुकानात शेजारी शेजारी ठेवले होते.

घ्यायचं कारण पंप. घर खानापूर तालुक्यात, विहीर खाली उतारावर काजूच्या झाडांत. बॉक्सपासून वायर १२० मीटर. एक एचपीची सिंगल फेज मोटर वर्षात दोनदा जळली. कपॅसिटर किती बदलले ते मोजायचं सोडून दिलं. दर वेळी उत्तर एकच, "व्होल्टेज डाऊन हाय."

पहिल्या दिवशी मीटर परत द्यायला निघालो होतो. मिक्सरची केबल जबड्यात धरली तर आकडा शून्य. आयटीआयला जाणारा भाचा हसला, "मामा, दोन्ही वायरी एकदम धरल्यावर शून्यच येणार की! जाणारा नि येणारा करंट एकमेकाला मारतात." मग त्यानं एक हातभर एक्स्टेंशन बनवून दिलं. वरचं जाड आवरण काढून आतल्या वायरी सुट्या ठेवलेल्या, त्यांचं इन्सुलेशन शाबूत. आता जबड्यात एकच वायर धरायची. या मीटरइतकंच ते एक्स्टेंशन कामाला आलं.

गीझरचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला. २००० वॅटचा, पण पाणी कोमटच. एलिमेंट बदलायच्या बेतात होतो. चालू असताना २०४ व्होल्ट, ७.७ अँपिअर. भागाकार केला तर एलिमेंटचा रोध २६.५ ओहम, आणि २३० व्होल्टला २००० वॅट द्यायला लागतात तेवढेच. म्हणजे एलिमेंट धडधाकट. गुणाकार १५७१ वॅट, म्हणजे चारशेहून जास्त वॅट व्होल्टेजनंच खाल्ले. व्होल्टेज अकरा टक्के कमी झालं की तापवणं वीसेक टक्के कमी होतं, कारण त्याबरोबर करंटही उतरतो.

खरी वसुली विहिरीवर झाली. भाच्याचा जुना मल्टीमीटर आणि माझा क्लॅम्प आधी एकाच सॉकेटला लावून बघितले, फरक एक व्होल्टचा. मग तो वर बॉक्सपाशी, मी खाली स्टार्टरपाशी, दोघांच्या कानाला फोन. पंप चालू. तो म्हणाला २१८, माझ्याकडे १९५. करंट ७.५. लाइनचं व्होल्टेज हलत असतं म्हणून तीनदा घेतलं, तीनदा तेच.

म्हणजे २३ व्होल्ट वाटेत गेले. २३ भागिले ७.५, साधारण ३.०७ ओहम. २३ गुणिले ७.५, १७२ वॅट नुसती वायर तापवायला. आता हिशेबानं किती हवेत? अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरला ७.४ ओहमच्या आसपास. जाऊन-येऊन २४० मीटर, म्हणजे पावणेदोनपेक्षा जरा जास्त. मग उरलेला सव्वा ओहम कुठला?

पंप बंद केला, मेन पाडली आणि वायरीवरून हात फिरवत वर चढलो. तिसऱ्या काजूच्या बुंध्याशी टेप गुंडाळलेला जॉइंट. टेप विस्तवाजवळ धरल्यासारखी चिकट झालेली. सोडली तर आत तांबं काळं पडलेलं, एक तार दुसरीला नुसती पिळून ठेवलेली. सव्वा ओहम आणि साडेसात अँपिअरचा वर्ग: सत्तर वॅट. जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता दोन इंचांच्या टेपमध्ये कोंडलेली.

गंमत म्हणजे हाच जॉइंट मीटरच्या ओहम रेंजवर चांगला दाखवत होता. दोन प्रोब एकमेकाला टेकवले तरी हा मीटर ०.३ ओहम दाखवतो, आणि त्या रेंजमध्ये वायरीतून जाणारा करंट नगण्य. गार जॉइंटचं खोटं बोलणं तिथं पकडलं जात नाही. पिवळ्या बल्बचंही तसंच, गार मोजून खरा आकडा कळत नाही. शंभर वॅटचा बल्ब गार असताना चाळीसेक ओहम दाखवतो, पेटल्यावर हिशेबानं ५२९ येतात.

जॉइंट क्रिंप करून, म्हणजे दोन्ही तारा धातूच्या नळीत घट्ट दाबून घेतला. आता वर २१८ तर खाली २०५, करंट ७.१ वर उतरला. तेव्हापासून मोटर जळलेली नाही.

एका ठिकाणी मात्र मी फसलो. २१८ गुणिले ७.५ करून पंप १६३५ वॅट खातो असं शेजाऱ्याला सांगून बसलो. भाच्यानं विजेच्या मीटरच्या लाल दिव्याची उघडझाप (पल्स) मोजायला लावली. त्यावर एका युनिटला ३२०० पल्स लिहिलेत. घरातलं बाकी सगळं बंद करून एका मिनिटात ७० पल्स, म्हणजे १३१२ वॅट. मोटरला पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातले खरे वॅट किती ते प्रमाण; इथं ०.८ निघाला. गीझर-इस्त्रीला नुसता गुणाकार चालतो, मोटरला नाही. आणि हा क्लॅम्प पॉवर फॅक्टर दाखवत नाही, हे खोक्यावर कुठंही लिहिलेलं नाही.

बाकीच्या तक्रारी: डीसी करंट मोजत नाही, त्यामुळं इन्व्हर्टरच्या बॅटरीला निरुपयोगी. ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लहरीचा करंटही बरोबर मोजायची सोय) नाही, एलईडी दिव्यांवर आकडा भरवशाचा नाही. अर्ध्या अँपिअरखाली नाचतो (वायरीचे दहा वेढे जबड्यात घालून दहानं भागायचं, मग जमतं). बॅकलाइट नाही, आणि विहिरीवरचा स्टार्टर अंधाऱ्या खोपटात. बॅटरीचं झाकण चौथ्या महिन्यात तुटलं, रबरबँड लावलाय.

आता वायर चार एमएमची टाकायची आहे, वाटेत जाणाऱ्या १३ चे ८ व्होल्ट होतील. पण चरात गुडघाभर चिखल आहे, दसऱ्याच्या आत तिथं कोण उतरणार?