जाणकारांना विचारावं, की सरसकट तपासावं?

जळगावच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीला सातपुड्यातल्या रानवनस्पतींत औषधी रेणू शोधायचे आहेत. धडगावकडच्या पावरा, भिल्ल जाणकारांना विचारून झाडं निवडावीत, की डोंगरात मिळेल ते सरसकट तपासावं, इथे तिचं अडलंय.

खर्चात पहिली वाट सरस. नमुने थोडे, प्रयोगशाळेचं काम आटोपशीर. सरसकट तपासणीला यंत्रं, माणसं, वर्षानुवर्षांचा निधी लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अशाच मोहिमेतून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध मिळालं. पण ज्या झाडापासून ते मिळालं त्याची साल गोळा केली १९६२ मध्ये, औषधाला मंजुरी १९९२ मध्ये.

मला जाणकाराचं मोल सर्वांत जास्त वाटतं ते तपशिलात. मूळ की पान, कोणत्या ऋतूत, उकळून की नुसतं भिजवून, हे तो सांगतो. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन शोधताना चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना जुन्या चिनी ग्रंथातल्या ‘पाण्यात भिजवून पिळा’ या सूचनेवरून सुचलं की उष्णतेने गुण जात असावा. त्यांनी कमी तापमानात अर्क काढला आणि तो लागू पडला. पुढे २०१५ चं नोबेल मिळालं.

जबाबदारी मात्र इथे वाढते. ते ज्ञान समाजाचं आहे. संमती घ्यायलाच हवी, नाव आणि लाभातला वाटा द्यायलाच हवा. जैवविविधता कायदा, २००२ मध्ये लाभवाटपाची तरतूद आहे. अभयारण्यात वनखात्याची परवानगी दोन्ही वाटांना लागते.

ताप, जखमा, जुलाब यांवर काम असेल आणि हाताशी दोन वर्षं असतील, तर जाणकारांकडे जा. कर्करोगासारख्या आजारावर, मोठ्या संस्थेच्या प्रकल्पात असाल, तर सरसकट तपासणी.